गडगे, कढई आणि काथ्याचं जाळं : लिगुरियाच्या किनाऱ्यावरील उत्सवांचा आढावा

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील कामोली या बंदरगावात जवळपास चार मीटर व्यासाची पोलादी कढई चुलाणावर चढते आणि तळलेले मासे आलेल्या-गेलेल्यांना वाटले जातात. आदल्या रात्री कोळ्यांचा रक्षक मानल्या गेलेल्या सान फोर्तुनातोच्या नावाने समुद्रकाठी होळ्या पेटतात. पाहणाऱ्याला वाटतं, हे शतकानुशतकं चालत आलेलं असणार. प्रत्यक्षात हा मत्स्योत्सव १९५२ सालचा आहे. लिगुरियाच्या किनाऱ्यावरचं उत्सवांचं पंचांग उघडलं, तर असे धक्के वरचेवर बसतात. सानरेमोचा गाण्यांचा महोत्सव १९५१चा. सान फ्रुत्तुओझोच्या उपसागरात पाण्याखाली उभा असलेला, हात वर पसरलेला ख्रिस्ताचा कांस्यपुतळा १९५४चा. ला स्पेत्सियाच्या आखातातली तेरा किनारी वस्त्यांची वल्ह्यांची शर्यत १९२५ची. जेनोआ, पिसा, व्हेनिस आणि अमाल्फी या चार जुन्या सागरी प्रजासत्ताकांची ऐतिहासिक वेशातली नौकास्पर्धाही विसाव्या शतकाच्या मध्याचीच. या यादीवरून ‘ही परंपरा नव्हे, पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आहे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. उत्सवाचं वय ही त्याच्या खरेपणाची कसोटी नाही. ज्या श्रमातून तो उत्सव उगवला, तो श्रम आज कोणी करतं आहे का, आणि उत्सवामुळे त्या श्रमाला काही बळ मिळतं का, हे तपासायला हवं. ही कसोटी लावली की या किनाऱ्याचं चित्र पार उलटं दिसू लागतं.

आधी भूगोल पाहू, कारण या प्रदेशात सगळं तिथूनच सुरू होतं. फ्रान्सच्या हद्दीपासून ला स्पेत्सियाच्या आखातापलीकडे पसरलेली ही धनुष्याकृती पट्टी आहे. पाठीला आल्प्स आणि अपेनाइन्सचे डोंगर थेट समुद्रात उतरलेले, मध्ये सपाट जमीन जवळजवळ नाहीच. शेतीला जागा नाही म्हणून माणसं समुद्रावर गेली, आणि समुद्रावर गेलेल्यांनी जेनोआला भूमध्य समुद्रातली सत्ता बनवलं. १२८४मध्ये मेलोरियाच्या लढाईत जेनोआने पिसाचं आरमार मोडलं. पिसाच्या बंदराच्या साखळ्या तोडून त्यांचे तुकडे विजयचिन्ह म्हणून जेनोआच्या वेशींवर टांगले गेले. इटलीच्या एकीकरणाच्या काळात ते पिसाला परत मिळाले. १२९८मध्ये कुर्झोलाच्या लढाईत व्हेनिसचा पराभव झाला. जेनोआच्या कैदेत तेव्हा मार्को पोलो होता, त्याच्या जोडीला मेलोरियानंतर पकडलेला पिसाचा लेखक रुस्तिकेल्लो. पोलोने सांगितलं आणि रुस्तिकेल्लोने लिहिलं. त्या ग्रंथात आपलं ठाणं आहे : तिथलं कातडं, कापूस, आणि घोडे घेऊन येणारी गलबतं लुटणारे, राजाशी संगनमत असलेले चाचे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची ही नोंद जेनोआच्या तुरुंगात लेखणीतून उतरली, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. पोलोला जिथे ठेवलं होतं असं परंपरेने मानतात, तो तेराव्या शतकातला सान जॉर्जो प्रासाद आजही बंदराच्या तोंडाशी उभा आहे आणि बंदराचा कारभार तिथूनच चालतो.

आता ज्यांच्या प्राचीनतेबद्दल कोणी शंका घेत नाही, त्या मिरवणुका घेऊ. लिगुरियातील धार्मिक बंधुमंडळांना ‘कासाच्चे’ म्हणतात. शंभर किलोंच्या वर वजनाचा, आडव्या दांड्यांच्या टोकांना चांदीची फुलापानांची झुंबरं लटकवलेला क्रूस कमरेच्या चामडी पट्ट्यातल्या खोबणीत उभा करून त्यांचे लोक गावातून चालतात. क्रूस पेलणाऱ्याने त्याला हात न लावता तोल सांभाळायचा असतो. तो थकला की क्रूस एकाच्या खोबणीतून उचलून दुसऱ्याच्या खोबणीत ठेवणारे वेगळे बलदंड गडी असतात आणि त्यांच्या कामाला स्थानिक बोलीत स्वतंत्र नाव आहे. हे तंत्र पुस्तकातून येत नाही. मुलं लहान क्रूस घेऊन वर्षानुवर्षं सराव करतात, तेव्हा कुठे मोठा क्रूस त्यांच्याकडे येतो. परंतु ही परंपरासुद्धा अखंड नाही. ज्या रूपात ती आज दिसते, ते बरंचसं बारोक काळाचं देणं आहे. आन्तोन मारिया माराल्यानो या जेनोआच्या शिल्पकाराने (१६६४–१७३९) लाकडात कोरलेल्या मूर्तींनी त्या मिरवणुकांना आजचा थाट दिला. पुढे नेपोलियनच्या राजवटीत ही मंडळं बरखास्त झाली आणि नंतर पुन्हा उभी राहिली. म्हणजे सर्वांत जुनी मानलेली प्रथाही एकदा नवी होती, एकदा मेली आणि पुन्हा जगली. ती खरी आहे ते खोबणीत क्रूस पेलणारे खांदे अजून तयार होतात म्हणून.

याच्या नेमकं विरुद्ध उदाहरण चिंक्वे तेर्रेचं आहे. मोन्तेरोस्सो, व्हर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावं जगभरच्या भिंतींवरच्या दिनदर्शिकांत पोहोचली आहेत. १९९७मध्ये त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला, १९९९मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. इथे खोटं काही नाही. डोंगराच्या उभ्या उतारावर हजारेक वर्षांत रचत नेलेले दगडी बांध आणि त्यांनी धरून ठेवलेल्या द्राक्षांच्या चिंचोळ्या पट्ट्या हाच खरा वारसा. कोकणात ज्याला गडगा म्हणतात, तीच ही रचना : चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड नेमका बसवायचा आणि मागे बारीक दगडांचा थर भरायचा, म्हणजे पावसाचं पाणी फटींतून झिरपून जातं आणि माती मागे राहते. हा बांध एकदा बांधून मोकळं होता येत नाही. पाणी साचलं की त्याचं पोट फुगतं, मग एक दगड सुटतो, मग वावभर भिंत कोसळते. दरवर्षी कोणीतरी हाताने ते दगड परत वर चढवायचे असतात. बोस्को, आल्बारोला आणि व्हेर्मेन्तिनो ही द्राक्षं खुडून, १ नोव्हेंबरपर्यंत तरी हवेशीर सावलीत सुकवून केलेली ‘शाक्केत्रा’ ही गोड वाइन त्या कष्टांचं फळ.

हे हात कधी कमी झाले? सोपं उत्तर ‘पर्यटकांनी गावं बिघडवली’ असं आहे, पण ते पुराव्याला धरून नाही. ला स्पेत्सियाची नौदलाची गोदी १८६९मध्ये सुरू झाली, १८७४मध्ये जेनोआ–ला स्पेत्सिया रेल्वे पूर्ण झाली. नियमित पगाराचं काम गाडीने गाठता येईल इतकं जवळ आलं आणि पाठीवर टोपल्या वाहणारी तरुण पिढी बांधांवरून खाली उतरली. त्याच शतकात असंख्य लिगुरियन कुटुंबं दक्षिण अमेरिकेला गेली. ब्युनोस आयर्सच्या ला बोका वस्तीत त्यांनी आपली बोली आणि चण्याच्या पिठाची जाड धिरडी नेली. तिथल्या प्रसिद्ध फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांना आजही ‘जेनोआवाले’ याच अर्थाच्या नावाने ओळखतात. पर्यटक आले तेव्हा बरीच घरं रिकामीच होती. त्यामुळे ‘पर्यटन नसतं तर ही गावं उजाड झाली असती’ हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो पुरा नाही. पर्यटनाचा पैसा आला तो खोल्यांच्या भाड्यात आणि खाणावळींत. गडगा रचणाऱ्याच्या हाती त्यातला फार थोडा लागला. २५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांत कोसळलेल्या पावसाने व्हर्नात्सा आणि मोन्तेरोस्सोच्या मुख्य रस्त्यांवर एक मजला बुडेल इतका चिखल-दगडांचा लोंढा आणला, माणसं दगावली. नंतर उतारांची पाहणी करणाऱ्या अभ्यासकांना दिसलं की अलीकडे सोडून दिलेल्या पायऱ्यांच्या शेतांवर दरडी अधिक कोसळल्या. ज्या दृश्याची छायाचित्रं काढायला जग येतं, ते दृश्य धरून ठेवणारे हात नसले तर ते दृश्यच गावावर कोसळतं. २०१८मध्ये इटलीसह आठ देशांतील विनाचुन्याच्या दगडी बांधकामाची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशात आली. मान योग्यच, पण मानपत्राने दगड वर चढत नाही. रिओमाज्जोरे आणि मानारोलाला जोडणारी ‘प्रेमवाट’ २०१२च्या दरडीनंतर बंद पडली आणि २०२४मध्ये तिकीट लावून पुन्हा उघडली. तिकिटाला नाकं मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या पैशातला ठरावीक वाटा वरच्या बांधांना बांधून द्यायला हवा, एवढीच माझी मागणी आहे.

पश्चिम किनाऱ्यावर सानरेमोची गोष्ट वेगळी. हिवाळ्यातल्या सौम्य हवेने एकोणिसाव्या शतकात इंग्रज श्रीमंत इथे आले. थॉमस हॅनबरीने १८६७मध्ये ला मोर्तोलाला बाग उभी केली. फुलशेती हा किनाऱ्याचा मोठा धंदा झाला. पहिल्या गायन महोत्सवात जिंकलेलं नील्ला पिझ्झीचं गाणं फुलांचे आभार मानणारंच होतं. नंतर दूरचित्रवाणीने तो महोत्सव साऱ्या देशाचा केला आणि फुलं मंचाच्या सजावटीत गेली. ज्या लेखकाचं बालपण या गावात गेलं आणि ज्याचे आईवडील वनस्पतिशास्त्रज्ञ होते, त्या इतालो काल्व्हिनोने १९५७मध्ये बांधकामांच्या सट्टेबाजीवरची कादंबरी लिहिली. बागांच्या जागी इमारती चढत होत्या. पूर्वेकडच्या रापाल्लो गावाच्या नावावरून तर अशा अविचारी बांधकामाला इटालियनमध्ये एक शब्दच तयार झाला.

कामोलीच्या कढईकडे परत येताना हे सगळं मनात ठेवावं लागतं. वापरून निवृत्त झालेल्या जुन्या कढया तिथल्या भिंतीवर टांगलेल्या आहेत. गावाला त्यांचा अभिमान आहे आणि तो लटका नाही. १८५३मध्ये स्वतःची परस्पर सागरी विमा संस्था काढणारं, शिडांच्या जहाजांनी गजबजलेलं हे गाव वाफेच्या जहाजांपुढे हरलं, आणि त्या संस्थेनंतर शंभरेक वर्षांनी कढईभोवती पुन्हा एकत्र आलं. तरीही माझ्या कसोटीवर कढईपेक्षा वरचं स्थान मी ‘तोन्नारेल्ला’ला देईन. सतराव्या शतकापासून नोंदी असलेलं, एका ठिकाणी अंथरून ठेवायचं हे जाळं एप्रिल ते सप्टेंबर गावाजवळच्या पाण्यात असतं. कोळी ठरलेल्या वेळी होडीवरून ते हाताने ओढतात. लिगुरियाच्या किनाऱ्यावर आजही कामात असलेलं या जातीचं हे शेवटचं जाळं. त्यासाठी ढोल वाजत नाही, गर्दी जमत नाही. जाळ्याचा बराचसा भाग नारळाच्या काथ्याचा असतो आणि हंगाम संपला की तो कापून समुद्रातच सोडतात. तो तळाशी कुजतो, मासळीला खाद्य होतो, आणि हिवाळ्यात कोळी पुन्हा पहिल्या गाठीपासून नवं जाळं विणायला बसतात.