जागेवरून उठता येत नाही, त्यांचं जेवण

मागच्या पावसाळ्यात कळमनुरी तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही एका मावशींची जखम बांधायला जात होतो. लकव्यानं डावी बाजू गेलेली. सतत पडून राहिल्यानं माकडहाडावर जखम झालेली. तीन आठवडे आम्ही ती धुतली, पट्टी बांधली, दर दोन तासांनी कूस बदला म्हणून सुनेला बजावलं. जखम होती तशीच. एक दिवस पाऊस लागला म्हणून दुपारपर्यंत तिथंच अडकलो, तेव्हा मावशी काय खातात ते डोळ्यांनी दिसलं. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी उशाशी झाकून ठेवलेला गार भात, त्यावर तेल-चटणी. रात्री सून कामावरून आल्यावर पुन्हा भात आणि पातळ वरण, तेही चार घास. "जास्त खाल्लं की रात्री उठवावं लागतं पोरीला," मावशी म्हणाल्या.

तीन आठवड्यांत आम्ही हे एकदाही विचारलं नव्हतं. नर्सिंग शिकताना जखमेचा आहाराशी काय संबंध असतो ते पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि वस्तीत आल्यावर विसरलो होतो.

जखम भरते म्हणजे शरीर तिथं नवं मांस तयार करतं. त्याला प्रथिनं लागतात आणि ती भात-चहातून पुरेशी मिळत नाहीत. जखम नसली तरी तेच. अंथरुणावर किंवा खाटेवर दिवस काढणाऱ्या माणसाचे स्नायू न वापरल्यानं झडत जातात, त्यात प्रथिनं कमी पडली की आणखी लवकर झडतात. मग आज भिंतीला धरून उभी राहणारी बाई सहा महिन्यांनी तेवढंही करू शकत नाही. घरचे म्हणतात वय झालं. पुष्कळ वेळा वय नसतं, ताट असतं.

आता रेशनचा हिशेब करून बघा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे, ही मोठीच गोष्ट. पण 5 किलोला 30 दिवसांनी भागलं तर रोजचे साधारण 167 ग्रॅम होतात. त्यातून साधारण पावणेसहाशे कॅलरी आणि 15 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. बसून असणाऱ्या बाईलाही दिवसाला सोळाशेच्या पुढे कॅलरी लागतात आणि प्रथिनं वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम धरली तर 45-50 ग्रॅम. म्हणजे रेशननं तिसरा हिस्सा भरतो. बाकीचं कुठून आणायचं, हाच खरा प्रश्न.

आमचं सांगणं एवढंच की हातात जो थोडा पैसा येतो तो आधी डाळ, शेंगदाणे, फुटाणे, अंडी आणि सोयावडीवर घालावा. बिस्किटं, टोस्ट, खारी आणि दुकानातली ताकदीची पावडर यांचा नंबर त्यानंतर. बिस्किटाचा पुडा पाच रुपयांना मिळतो म्हणून स्वस्त वाटतो, पण त्यात मैदा आणि साखर. 100 ग्रॅम फुटाण्यांत 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शेंगदाण्यांत 25, सोयावडीत 50 च्या वर. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम. महिन्याला दीड किलो तुटकी तूरडाळ किंवा मूगडाळ, दीड किलो शेंगदाणे-फुटाणे मिळून, 15 अंडी, अर्धा किलो सोयावडी आणि अर्धा लिटर तेल, एवढं आमच्याकडच्या किराणा दुकानात साडेसहाशे-सातशे रुपयांत येतं. रेशन धरून प्रथिनांचं गणित जुळतं. पोट भरायला धान्य तरीही कमी पडतं, चार-पाच किलो ज्वारी वरून घ्यावी लागते. ज्यांच्या घरी सुगीच्या मजुरीत ज्वारी मिळते त्यांनी ती विकू नये, असं आम्ही हात जोडून सांगतो.

सोयाबीनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. हिंगोली, सेनगाव, औंढा कुठंही जा, पावसाळ्यात नजर जाईल तिथवर सोयाबीन. आपल्याच बाया ते निंदतात, कापतात. सगळं बाजारात जातं आणि निंदणारीच्या घरात मूठभर राहत नाही. राहिलं तरी "बाधतं" म्हणून कुणी खात नाही. कच्चं किंवा अर्धं शिजलेलं सोयाबीन खरंच बाधतं, पोट फुगतं, पचत नाही. पण ते उकळत्या पाण्यात 20-25 मिनिटं चांगलं उकळून, उन्हात खडखडीत वाळवून, नऊ किलो गव्हात एक किलो या मापानं दळून आणलं तर पोळीच्या चवीत फरक कळत नाही.

दुसरं पीठ सातूचं. भाजलेले गहू, फुटाण्याची डाळ, थोडे जिरे एकत्र दळून डब्यात ठेवायचं. पाण्यात किंवा दुधात कालवलं, गुळाचा खडा घातला की झालं. चूल नको, दात नकोत. साठीच्या पुढच्या वाचकांना 1972 च्या दुष्काळातली सुकडी आठवत असेल. जात तीच, फक्त ही आपल्या हातची. मधुमेह असेल तर गूळ टाळून ताकात मीठ-जिरे घालून कालवावं.

मांसाहाराविषयी स्पष्ट लिहितो, कारण आरोग्याच्या पानांवर हे बहुधा टाळलं जातं. आपल्या आज्या-पणज्यांनी गरिबीत जी ताकद टिकवली तिच्यात वाळवलेल्या मांसाच्या चान्यांचा, रक्तीचा, वजडीचा वाटा होता. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या अन्नाची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात केली आहे. चान्या म्हणजे फ्रिज नसताना प्रथिनं साठवण्याची विद्या होती, तिची लाज वाटायचं कारण नाही. 2015 च्या कायद्यानं बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि वस्तीतलं सर्वांत स्वस्त मांस ताटातून गेलं. त्याच्या जागी काय आलं, हे कोणत्याच सरकारी कागदानं विचारलं नाही. आज स्वस्तात मिळणाऱ्यांपैकी कोंबडीची कलेजी-पेटा आणि सुकट-बोंबील चांगले. सुकटीत मीठ फार असतं, म्हणून गरम पाण्यात भिजवून दोनदा धुवावी. रक्तदाब असलेल्यांनी तर नक्कीच. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र डाळ-मांस-अंडी किती खायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आता मावशींच्या त्या वाक्याकडे परत येऊ. खाणं कमी होण्याचं कारण दर वेळी पैसा नसतो. पुष्कळदा ते संडास असतं. ज्यांना उठवून न्यावं लागतं त्या बाया, पुरुषही, मुद्दाम कमी खातात आणि पाणी तर त्याहून कमी पितात. पाणी कमी झालं की मल घट्ट होतो, पोट जड राहतं, भूक मरते, लघवीला जळजळ सुरू होते. मग औषधांचा खर्च. जेवण सुधारायचं तर आधी खाटेजवळ सोय करावी लागते. मधे भोक पाडलेली जुनी प्लास्टिक खुर्ची आणि खाली झाकणाचं भांडं, एवढ्यानंही काम भागतं. खुर्चीचे पाय शाबूत आहेत ना आणि ती भिंतीला टेकली आहे ना, एवढं पाहावं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या पात्र माणसांना साहित्यासाठी एकदाच 3000 रुपये मिळतात, कमोड खुर्ची त्या यादीत आहे. आम्ही ज्या घरांत ही सोय केली तिथं न सांगता जेवण वाढलं.

स्वयंपाकाची जागाही उभ्या माणसाच्या सोयीनं केलेली असते. मीठ फळीवर, पीठ कोपऱ्यात, माठ दाराबाहेर. ज्याला चालता येत नाही पण हात चालतात, त्याच्यासाठी सगळं त्याच्या बसण्याच्या जागेभोवती हात पोचेल इतक्या अंतरावर आणावं. औंढा तालुक्यातल्या एका दादांचा पाय मधुमेहानं गुडघ्याखाली कापलेला आहे. त्यांच्या घरी विटांवर कडप्प्याचा तुकडा ठेवून खुर्चीत बसून काम करता येईल इतक्या उंचीचा ओटा केला. विटा जुन्या, कडप्पा मागून आणलेला. माठाला तोटी बसवली. आता ते स्वतःची खिचडी स्वतः करतात, वर आम्हाला मीठ कमी आहे का विचारतात. एक धोका लक्षात ठेवा: गॅसची शेगडी जमिनीवर आणि सिलिंडर शेजारी, असं कधीही करू नका. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खालीच साठतो आणि बसलेल्या माणसाला लवकर पळता येत नाही. मोठा सिलिंडर हलवणं जड जात असेल तर 5 किलोचा मिळतो, उज्ज्वलातही तो निवडता येतो.

ज्यांचे हातही साथ देत नाहीत त्यांच्या दुपारचं काय? सून-लेक सकाळी आठला मजुरीला जाते, सहाला येते. इथं गोधडी कामाला येते. डाळ-तांदळाची खिचडी, डाळ आधी भिजवलेली, जड बुडाच्या पातेल्यात दहा मिनिटं खळखळ उकळायची. मग घट्ट झाकण लावून पातेलं लगेच दोन जाड गोधड्यांत गुंडाळून टोपलीत बसवायचं. आतल्या उष्णतेवर ती शिजत राहते आणि तीन-चार तासांनी गरम मिळते. गॅस वाचतो तो वेगळाच. पातेलं भरलेलं हवं, अर्धं असेल तर लवकर निवतं. गरम असतानाच खायचं, कोमट झालेलं दिवसभर ठेवायचं नाही. टोपली हाताशी, पण कलंडणार नाही अशी.

भरवताना माणूस बसता हवा. पाठीला उशा लावाव्यात आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू द्यावं. लकव्याच्या माणसाला पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते घशाचं दुखणं आहे, "घाईनं प्यायले" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. भाकर वरणात कुस्करून मऊ करून द्यावी. आणि आपल्या वसमतच्या हळदीचं कितीही नाव असो, ती वरणात घालावी, पाठीच्या जखमेत भरू नये. भरलेली हळद धुऊन काढण्यात आमचा अर्धा तास जातो आणि पेशंटचा जीव.

कागदांचं थोडक्यात. एकटी विधवा, दिव्यांग किंवा साठीपुढचा माणूस, ज्याला उत्पन्नाचा भरवसा नाही, तो अंत्योदय कार्डाच्या निकषात बसतो. अंत्योदयला कार्डामागे 35 किलो मिळतं, माणसं कितीही असोत. एकट्या आजीला 5 किलो आणि 35 किलो यांतला फरक समजावून सांगायची गरज नाही. ज्या कार्डावर दुकानापर्यंत जाऊ शकणारं कुणीच नाही, तिथं दुसरा विश्वासू माणूस नामनिर्देशित करता येतो, त्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यावा. एका गावात दुकानदारानं "म्हातारीला घेऊन या, अंगठा लागतो" म्हणून दोन महिने धान्य अडवलं होतं. आम्ही 1967 वर तक्रार नोंदवली आणि अर्जाची पोच घेतली, तेव्हा धान्य सुटलं. पोच घेतल्याशिवाय तहसीलमधून हलायचं नाही. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे 2023 पासून महिना 1500 आहेत, दिव्यांगांसाठी ती रक्कम पुढे वाढली. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून तो आकडा विचारा. शिवभोजन थाळी दहा रुपयांत मिळते, पण केंद्रापर्यंत चालत जाणाऱ्याला.

राहिली आपली वस्ती. 14 एप्रिलला केळी आणि बिस्किटं वाटतो, फोटो निघतात. 15 एप्रिलला ती माणसं तिथंच, खाटेवर असतात. आमच्या भागातल्या एका विहारात उपासिकांनी दर पौर्णिमेला घरटी वाटीभर डाळ किंवा शेंगदाणे आणायचं ठरवलं आणि ते अशा आठ घरांत पोचवलं. आधी आम्ही शिजवलेले डबे दिले होते. ते चाललं नाही, दोन घरांनी डबा तसाच परत केला. एक काका म्हणाले, "भीक नको पोरींनो." कोरडी डाळ मात्र त्यांनी ठेवून घेतली, कारण ती ते स्वतः शिजवतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं जातात, तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची यादी त्याआधीच करून ठेवावी, हे आम्हाला पहिल्या वर्षी सुचलं नव्हतं.

मावशींना दुपारी गोधडीतली खिचडी, सकाळी टोस्टच्या जागी सातू, रोज एक अंडं आणि खाटेशेजारी खुर्ची. कूस बदलणं आणि पट्टी चालूच होती. दीड महिन्यानं जखमेच्या कडा लाल दिसायला लागल्या. परवा गेलो तेव्हा मावशी सुनेवर रागावलेल्या होत्या, अंडं जास्त उकडलं म्हणून.