पेट्रोलची टाकी कुठे असावी?

फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही मोटार १९०८ ते १९२७ या काळात बनत होती. सामान्य माणसाला मोटारीची सवय लावणाऱ्या या गाडीचे एक वैशिष्ट्य आज कुणाला खरे वाटणार नाही. चढ फार उभा असला आणि टाकीत पेट्रोल कमी असले, की चालक गाडी वळवून घेई आणि उलट्या गिअरमध्ये, पाठमोरा चढ चढून जाई. यात गंमत काही नव्हती. या गाडीला पेट्रोलचा पंप नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली होती आणि पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने, पाटातून पाणी यावे तसे, कार्ब्युरेटरकडे येत असे. गाडीचे नाक वर झाले की इंजिन टाकीपेक्षा उंच जाई आणि पुरवठा तुटे. गाडी फिरवली की टाकी पुन्हा वर.

टाकीची जागा ठरवणारा पहिला नियम असा गुरुत्वाकर्षणाचा होता. पुढच्या शंभर वर्षांत ही टाकी गाडीभर फिरली : सीटखाली, काचेपुढे, सीटमागे, मागच्या बंपरजवळ, चासीच्या बाहेर, चासीच्या आत. मी आयुष्यभर वाहन अभियांत्रिकी शिकवली. पण टाकीच्या या भटकंतीकडे नीट पाहिले ते निवृत्तीनंतर. तेव्हा लक्षात आले की टाकीची जागा हा रिकामा कोपरा शोधण्याचा प्रश्न कधीच नव्हता. गाडी आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणता अपघात होता आणि कोणता नव्हता, हे त्या जागेवरून वाचता येते.

या लेखात मुख्यतः अमेरिकेतील पिकअप ट्रकबद्दल लिहितो आहे. टाकीच्या जागेवरून सर्वांत मोठे वाद तिथे झाले आणि डोंगरदऱ्यांत गाडी नेण्याच्या हौसेपायी मालकांनी स्वतःच टाकी हलवण्याची रीतही तिथे चांगलीच रुळली आहे.

गुडघ्यांवर, सीटखाली, पाठीमागे

‘मॉडेल टी’नंतर आलेल्या ‘मॉडेल ए’मध्ये फोर्डने टाकी थेट काचेच्या पुढे, बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वरच्या बाजूला आणली. ती इंजिनापेक्षा पुरेशी उंच असल्याने पाठमोरे चढण्याची गरज संपली. समोरून धडक बसली तर ते पेट्रोल कुणाच्या अंगावर येणार, हा विचार त्या आखणीत फारसा दिसत नाही.

पेट्रोलचा पंप सर्रास झाल्यावर टाकी कुठेही ठेवण्याची मोकळीक मिळाली. तरीही दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपची टाकी चालकाच्या सीटखालीच होती. पंपावर चालकाने उतरायचे, गादी उचलायची आणि सुमारे ५७ लिटरची टाकी भरायची. महिंद्रांनी मुंबईत याच विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे जुन्या पिढीतील काही वाचकांनी हे दृश्य आपल्याकडेही पाहिले असेल. आखूड आणि खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या गाडीत चाकांच्या मधली, दगडांपासून दूरची जागा हीच होती. युद्धात खडक आणि खड्डे रोजचे. चालकाच्या बुडाखाली पेट्रोल असणे हा त्यामानाने पत्करलेला धोका होता.

अमेरिकेतील १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या अनेक पिकअप ट्रकांत टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे उभी असे. वळणावर पेट्रोल हिंदकळल्याचा आवाज कानाशी येई, उन्हाळ्यात वास येई. दोन्ही बंपरांपासून ती दूर होती, हे खरे. पण गळती झाली तर ती माणसांच्या खोलीतच. टाकी केबिनबाहेर काढायला हवी, हे उघड होते. बाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न उरला.

चासीच्या बाहेर

पिकअप ट्रकची चासी शिडीसारखी असते. पुढून मागे जाणाऱ्या पोलादाच्या दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. धडक बसली तर झेलायची ती या पट्ट्यांनी. त्यांच्या मधोमध गाडीची सगळी गर्दी : गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, सायलेन्सरचा पाइप. पट्ट्यांच्या बाहेर मात्र दोन्ही अंगांना ऐसपैस जागा आणि तिच्या रक्षणाला फक्त बॉडीचा पत्रा.

जनरल मोटर्सने १९७३पासून आपल्या मोठ्या पिकअपच्या टाक्या या बाहेरच्या जागेत बसवल्या. घोड्याच्या दोन्ही अंगांना झोळ्या लटकाव्यात, तशा. यामुळे दोन टाक्या बसू लागल्या आणि एका भरण्यात लांबचा पल्ला गाठता येऊ लागला. मोठमोठी अंतरे कापणाऱ्या देशात ही सोय विकली जाणारच. १९८७पर्यंत या रचनेचे ट्रक लाखोंनी रस्त्यावर आले. १९८८च्या नव्या रचनेत कंपनीने टाकी चासीच्या आत घेतली.

मधल्या काळात कडेने बसलेल्या धडकांत ट्रक पेटल्याच्या तक्रारी आणि खटले साचत गेले. जॉर्जिया राज्यात १९८९मध्ये अशा अपघातात एक सतरा वर्षांचा मुलगा दगावला. दुसरा चालक दारू प्यायलेला होता. तरीही फेब्रुवारी १९९३मध्ये ज्यूरीने कंपनीविरुद्ध १० कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा निर्णय दिला. पुढे अपिलात तो रद्द झाला. त्याआधी, नोव्हेंबर १९९२मध्ये, एनबीसी वाहिनीने अशा ट्रकला धडक देऊन तो पेटल्याचे दाखवले होते. पण आग नक्की लागावी म्हणून ट्रकखाली आधीच ठिणगी पाडणारी साधने लावली होती, हे उघडकीस आले. वाहिनीला जाहीर माफी मागावी लागली. खऱ्या धोक्याला खोटा पुरावा जोडला की धोक्याचेच म्हणणे कमजोर होते, याचे हे ठळक उदाहरण.

या साऱ्यात मला सर्वांत विचार करायला लावणारा कागद वेगळाच आहे. जनरल मोटर्समधील एडवर्ड आयव्ही या अभियंत्याने १९७३मध्ये एक छोटे टिपण लिहिले होते. हिशेब असा : कंपनीच्या गाड्यांत इंधनाच्या आगीने वर्षाला जास्तीत जास्त ५०० मृत्यू, प्रत्येक जिवाची किंमत २ लाख डॉलर, रस्त्यावरील गाड्या ४ कोटी १० लाख. भागाकार केला की गाडीमागे सुमारे २ डॉलर ४० सेंट. हे आपले धोरण नव्हते, असे कंपनीचे म्हणणे. ते खरे मानले, तरी आकड्यांची रीत ओळखीची आहे. वर्गात मी स्वतः विद्यार्थ्यांना असे खर्चाचे भागाकार शिकवले आहेत. भागाकारात चूक नसते. भाजक कोण आणि भाज्य कोण, हे ठरवताना माणूस हरवतो.

कंपनीचा बचावही समजून घेतला पाहिजे. ताशी २० मैलांच्या बाजूच्या धडकेची तत्कालीन सरकारी चाचणी हे ट्रक उत्तीर्ण झाले होते. ऑक्टोबर १९९४मध्ये अमेरिकेचे वाहतूकमंत्री फेडेरिको पेन्या यांनी ही रचना धोकादायक असल्याचा प्राथमिक निष्कर्ष जाहीर केला. सुमारे दीडशे मृत्यूंचा उल्लेख झाला. डिसेंबरमध्ये तडजोड झाली. कंपनीने सुरक्षेच्या कार्यक्रमांसाठी ५ कोटी डॉलरहून थोडी अधिक रक्कम द्यायची, ट्रक मात्र परत बोलवायचे नाहीत. नियम पाळला गेला होता. नियमाने कल्पिलेला अपघात आणि रस्त्यावर घडणारा अपघात यांत अंतर होते.

खडकावरची गाडी

आता हौशी लोकांकडे वळू. कोलोरॅडोत राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे १९८०च्या दशकातला टोयोटाचा छोटा पिकअप आहे. शनिवारी तो डोंगरातल्या खडकाळ वाटांवर जातो. एकदा फोनवर म्हणाला, “मामा, टाकी काढून मागे, स्टेपनीच्या जागी नेतोय. तुला काय वाटतं?”

त्याचे कारण रास्त होते. या ट्रकची टाकी मागच्या ॲक्सलच्या पुढे, प्रॉपेलर शाफ्टच्या शेजारी लटकते. मोठी चाके, जास्त खाली-वर होणारे सस्पेन्शन, लांबलेला ट्रान्सफर केस या सगळ्यांना नेमकी तीच जागा हवी असते. शिवाय खडकावरून उतरताना गाडीचे पोट टेकते, ते टाकीवरच. पातळ पत्र्याची टाकी खडकावर घासणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

मी त्याला आधी वजनाचा हिशेब करायला लावला. ६० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ४५ किलो. दोन ॲक्सलांमधले अंतर २.६ मीटर धरू. टाकीचा मध्य मागच्या ॲक्सलच्या ०.६ मीटर पुढे असेल, तर सुमारे १० किलो भार पुढच्या चाकांवर येतो. तीच टाकी ॲक्सलच्या ०.८ मीटर मागे नेली, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचा सुमारे १४ किलो भार उलट कमी होतो. म्हणजे फरक २४ किलोंचा. सपाट रस्त्यावर तो जाणवणार नाही. उभ्या चढावर, पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल पडते तेव्हा जाणवेल. ट्रकच्या हौद्यात, केबिनमागे टाकी ठेवण्याचाही पर्याय असतो. तिथे खडकाची भीती नाही, पण वजन उंचावर जाते आणि आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. फुकट अशी जागा गाडीत कुठेच नाही.

मग नळ्यांची गोष्ट. टाकी हलवणे म्हणजे फक्त डबा हलवणे नव्हे. पेट्रोल भरण्याची नळी टाकीकडे सतत उतरती हवी, नाहीतर पंपावर पेट्रोल उलटे उसळते. आत हवा येण्या-जाण्यासाठी वेगळी नळी हवी. तिला गाडी उलटली तर आपोआप बंद होणारी झडप हवी. वरच्या बाजूला मोकळी जागा सोडावी लागते, कारण ३० अंशांनी तापमान वाढले तर ६० लिटर पेट्रोल जवळपास पावणेदोन लिटरने फुगते. आत आडव्या पत्र्यांचे कप्पे हवेत. तसे नसेल तर कलत्या गाडीत पेट्रोल एका कोपऱ्यात जाते, पंपाच्या तोंडी हवा लागते आणि इंजिन नेमके अवघड जागी बंद पडते. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून हा कोरडेपणा पंपालाही मारतो. शर्यतीच्या गाड्यांत धातूच्या पेटीत रबरी पिशवी आणि तिच्यात स्पंज भरलेली खास टाकी वापरतात. पिशवी फाटायला कठीण आणि स्पंजामुळे हिंदकळणे कमी.

टाकी चासीला घट्ट वेल्ड करू नये, हेही महत्त्वाचे. खडकांवर शिडीसारखी चासी पिळवटते. तिच्याबरोबर टाकी पिळवटली की सांधे उलतात. म्हणून पट्टे आणि त्यांच्याखाली रबर. आणि जुन्या टाकीला कुणी वेल्डिंगचा ठिणगा दाखवू नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक भयंकर. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते आणि हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की स्फोट होतो. रिकाम्या टाकीत हे मिश्रण आयतेच मिळू शकते.

दोन वेगांची गाडी

हे सारे समजावून झाल्यावर मी भाच्याला विचारले, “सोमवारी ऑफिसला कशाने जातोस?” त्याच ट्रकने. खडकावर ताशी पाच किलोमीटर, हायवेवर ताशी शंभराच्या वर. खडकाला घाबरून टाकी मागे न्यायची, तर हायवेवर मागून येणाऱ्या गाडीचा विचार करायलाच हवा. फोर्डच्या ‘पिंटो’ या छोट्या गाडीत टाकी मागच्या ॲक्सल आणि बंपर यांच्या मध्ये होती. मागून धडक बसली की ती डिफरन्शियलच्या बोल्टांवर चेपली जाई. १९७८मध्ये सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. अमेरिकेत आता नव्या गाड्यांची चाचणी ताशी ८० किलोमीटरच्या मागच्या धडकेने होते. घरच्या गॅरेजात हलवलेल्या टाकीची तशी चाचणी कुणी घेत नाही. तिची पहिली चाचणी म्हणजे पहिला अपघात.

भारतात हा प्रश्न कायद्यानेच बराचसा मिटवला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. गोव्याच्या पावसाळी जंगलात होणाऱ्या स्पर्धेतल्या गाड्या पाहून कुणाला हुरूप आला, तर स्पर्धेची गाडी आणि मुलांना शाळेत सोडायची गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे.

भाच्याने टाकी हलवलीच. पण जुनीच मागे नेण्याऐवजी ४५ लिटरची लहान टाकी घेतली. ती चासीच्या दोन पट्ट्यांच्या आत, जमेल तितकी वर बसवली. मागच्या बंपरपासून अंतर राखले, पुढे डिफरन्शियलच्या बाजूला गुळगुळीत पत्रा लावला आणि मागे एक जादा आडवी पट्टी टाकली. पल्ला घटला, ते त्याने मान्य केले. मी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही त्याने केली. टाकी, नळ्या आणि झडपा कुठे आहेत याची आकृती काढून ती गाडीच्या कागदपत्रांत ठेवली. हौस भागली की हा ट्रक कधीतरी विकला जाईल. घेणाऱ्याला टाकी कुठे आहे आणि ती तिथे का आहे, हे कळले पाहिजे.