दिवा लागला, पण कशाने?

दूरचित्रवाणीवर भुताखेतांची एखादी तरी मालिका तुम्ही पाहिली असेलच. यांपैकी काही मालिका उघडउघड काल्पनिक असतात. सोनी वाहिनीवर १९९५ मध्ये सुरू झालेली 'आहट' ही त्यांतलीच. ती पाहून रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाण्याची भीती वाटली, तरी ही गोष्ट आहे हे आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्या प्रकारच्या मालिका मात्र निराळ्या असतात. त्यांत पडक्या वाड्यात किंवा जुन्या तुरुंगात खरोखरीची माणसे जातात, त्यांच्या हातांत खरोखरीची उपकरणे असतात, आणि आम्ही 'शोध' घेत आहोत असे ती सांगतात. उपकरणावरचा दिवा लागतो, कोणीतरी किंचाळते आणि भाग संपतो.

शोध म्हटला, की त्याला एक अट लागू होते. तपासणीचे उत्तर 'नाही' असे येण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. ज्या तपासणीत काहीही घडले तरी उत्तर 'होय' असेच निघते, ती तपासणी नव्हे. ही अट हाताशी धरून आज आपण अशा एका मालिकेचा एक भाग तपासून पाहू या, आणि मग तीच उपकरणे घेऊन ठाणे, डोंबिवली व कल्याण या आपल्या गावांकडे येऊ या.

तुरुंगातला नसलेला जेलर

ब्रिटनमध्ये २००२ साली 'मोस्ट हॉन्टेड' नावाची मालिका सुरू झाली. तिच्या चमूत डेरेक अकोरा हे 'माध्यम' होते. म्हणजे मृतात्मे आपल्याद्वारे बोलतात असा त्यांचा दावा होता. याच चमूत कीरन ओकीफ हे मानसशास्त्राचे अभ्यासक होते. मालिकेचा एक भाग कॉर्नवॉल परगण्यातील बॉडमिन गावच्या जुन्या तुरुंगात चित्रित झाला. अंधारात अकोरा यांच्या अंगात एका क्रूर जेलरचा आत्मा संचारला. त्या जेलरचे नाव होते क्रीड केफर.

हा जेलर कधी जन्मलाच नव्हता! ओकीफ यांनी २००५ मध्ये 'डेली मिरर' या वृत्तपत्राला सांगितले, की हे नाव आपणच बनवले होते. ते त्यांनी कागदावर लिहून एका सहकाऱ्याला दिले आणि चित्रीकरणापूर्वी अकोरांच्या कानावर घालायला सांगितले. रोमन लिपीतील त्या नावाची अक्षरे निराळ्या क्रमाने लावली, की 'डेरेक तोतया' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द तयार होतात.

ओकीफ यांच्या या युक्तीत तपासणीची आपली अट पुरी झालेली दिसते. माहिती आत्म्याकडून येत असेल, तर न जन्मलेल्या माणसाचे नाव येता कामा नये. ऐकीव माहितीतून येत असेल, तर ते येईल. दोन शक्यता, दोन वेगळी उत्तरे. नाव आले. ते नाव आत्म्याकडून नव्हे, कागदावरून आले, एवढे यावरून निश्चित ठरते. अकोरा जाणूनबुजून फसवत होते की नाही, हे मात्र यावरून ठरत नाही. कारण कानावर पडलेली गोष्ट नकळत मनात राहू शकते. जेवढे सिद्ध झाले तेवढेच म्हणणे, हाही शास्त्राचाच भाग आहे.

मालिकेविरुद्ध तक्रारी झाल्या. ब्रिटनच्या 'ऑफकॉम' या नियामक संस्थेने डिसेंबर २००५ मध्ये निर्णय दिला, की हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे, खरेखुरे संशोधन नव्हे.

मापक डोंबिवलीत आणला तर?

या मालिकांतील सर्वांत लाडके उपकरण म्हणजे हातात मावणारा विद्युत्‌चुंबकीय क्षेत्रमापक. त्यावर हिरव्यापासून लाल रंगापर्यंत पाच दिवे असतात. त्याचे काम विजेच्या तारांभोवतीचे बदलते चुंबकीय क्षेत्र दाखवणे हे आहे, आणि ते तो चोख करतो. लाल दिवा सुमारे २ मायक्रोटेस्ला इतक्या क्षेत्राला लागतो.

आता थोडे गणित करू. सरळ तारेतून विद्युतधारा वाहत असेल, तर चुंबकीय क्षेत्र असे काढता येते:

क्षेत्र (मायक्रोटेस्ला) = ०.२ × विद्युतधारा (अँपिअर) ÷ अंतर (मीटर)

डोंबिवलीतील एखाद्या घरात २००० वॅटचा गीझर आहे. २३० व्होल्टला तो सुमारे ८.७ अँपिअर विद्युतधारा घेतो. तारेपासून अर्ध्या मीटरवर क्षेत्र येईल ०.२ × ८.७ ÷ ०.५, म्हणजे जवळजवळ ३.५ मायक्रोटेस्ला. लाल दिवा लागला! अर्थात जाणारी व परतणारी तार शेजारी शेजारी असेल, तर दोघींची क्षेत्रे परस्परांना बहुतांशी नाहीशी करतात. पण जुन्या इमारतीत या तारा एकमेकींपासून दूर गेलेल्या असल्या, किंवा भिंतीपलीकडे मीटरची खोली वा पाण्याचा पंप असला, तर भुताशिवायही दिवे लागतील.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला, म्हणजे लाल दिव्याच्या वीसपट आहे. मग मापक सदैव लाल का नसतो? कारण पृथ्वीचे क्षेत्र स्थिर असते आणि हा मापक फक्त बदलत्या क्षेत्राला दाद देतो. घरातील विजेचे क्षेत्र सेकंदाला ५० आवर्तने करते.

आपल्या भागात आणखी एक मोठा उगम आहे, तो म्हणजे रेल्वे. मध्य रेल्वेच्या मुंबई उपनगरी मुख्य मार्गावर पूर्वी १५०० व्होल्टची एका दिशेने वाहणारी विद्युतधारा होती. टप्प्याटप्प्याने बदल होऊन २०१५ पर्यंत तिच्या जागी २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलणारी विद्युतधारा आली. गाडी स्थानकातून वेग घेते तेव्हा वरच्या तारेतून येणारी आणि रुळांतून परतणारी विद्युतधारा वाढते, आणि या दोन वाटांमध्ये कित्येक मीटरचे अंतर असते. रुळांलगतच्या घरात मापकाचे दिवे त्यामुळे वरखाली होऊ शकतात. रात्री लोकल थांबल्या, तरी मालगाड्या व लांब पल्ल्याच्या गाड्या चालूच असतात. तेव्हा 'रात्री अडीच वाजता दिवा आपोआप लागला' असे कोणी म्हटले, तर पहिला प्रश्न विचारावा: त्या वेळी कल्याणकडे कोणती गाडी जात होती?

थंडगार कोपरा आणि कुजबुज

दुसरे उपकरण म्हणजे अवरक्त तापमापक. त्याचा लाल ठिपका अंधारात रोखून निवेदक म्हणतो, 'येथील हवा चार अंशांनी थंड झाली.' पण हे उपकरण हवेचे तापमान मोजतच नाही. ज्या पृष्ठभागावर ते रोखले असेल, त्यातून निघणाऱ्या अवरक्त किरणांवरून ते त्या पृष्ठभागाचे तापमान सांगते. पावसाळ्यात ओल आलेली भिंत घ्या. पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते, म्हणून ओला कोपरा कोरड्या भिंतीपेक्षा थंड असतो. माठातले पाणी गार होते, ते याच कारणाने.

तिसरे उपकरण ध्वनिमुद्रक. मुद्रणातली खरखर ऐकवतात आणि त्याच वेळी पडद्यावर अक्षरे उमटतात: 'निघून जा!' मग आपल्यालाही तेच ऐकू येते. आपला मेंदू अपुऱ्या आवाजातून ओळखीचे शब्द जुळवण्यात पटाईत आहे. गजबजलेल्या फलाटावरची घोषणा आपण याच बळावर समजून घेतो. म्हणून अक्षरे आधी वाचणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. पडद्याकडे पाठ करून दहा जणांनी ऐकावे, प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहावे, आणि मगच उत्तरे ताडून पाहावीत.

पहारेकऱ्याची थप्पड

ठाण्यातील एका गृहसंकुलाबद्दल वर्षानुवर्षे एक गोष्ट सांगितली जाते. तेथे रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला डुलकी लागली, की कोणीतरी अदृश्य हात त्याच्या थोबाडीत मारतो म्हणे. मालिकेने ही गोष्ट घेतली, तर चमू रात्री तेथे जाईल, मापकाचा दिवा लागेल आणि भाग तयार होईल.

आपण काय विचारावे? ज्याला थप्पड बसली, त्याला कोणी भेटले आहे काय? तो त्या वेळी किती तास जागा होता? झोप लागण्याच्या उंबरठ्यावर अंगाला अचानक झटका बसणे, कोणी स्पर्श केल्यासारखे वाटणे, मोठा आवाज ऐकू येणे हे अनुभव निरोगी माणसांनाही येतात, आणि झोप अपुरी असेल तर त्यांना पोषक परिस्थिती मिळते. तेव्हा पहारेकरी खोटे बोलत आहे असे म्हणण्याचे कारण नाही. अनुभव खरा असू शकतो. त्याचा लावलेला अर्थ चुकीचा असू शकतो.

आपले स्पष्टीकरणही तपासावे

येथे एक इशारा द्यायला हवा. भूत नाकारण्याच्या घाईत आपण कोणतेही शास्त्रीय वाटणारे कारण चिकटवून मोकळे झालो, तर आपणही मालिकेसारखेच वागलो.

इंग्लंडमधील विक टँडी या अभियंत्याला प्रयोगशाळेत काम करताना अस्वस्थ वाटे, आणि एकदा डोळ्यांच्या कडेला करडी आकृतीही दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात पकडलेले तलवारीचे लवचीक पाते आपोआप थरथरताना त्याने पाहिले. शोध घेता, नव्याने बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झचा, म्हणजे कानाला ऐकू न येणारा अवश्राव्य ध्वनी निर्माण होत असल्याचे आढळले. पंख्याच्या बसवणीत बदल करताच तो नाहीसा झाला. हा वृत्तान्त १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि 'भूत म्हणजे अवश्राव्य ध्वनी' असे पुष्कळांनी ठरवूनही टाकले.

पुढे लंडनमधील संशोधकांनी एक खोली मुद्दाम तयार केली. तीत अवश्राव्य ध्वनी आणि विद्युत्‌चुंबकीय क्षेत्रे हवी तेव्हा चालू-बंद करता येत. ७९ जणांनी तेथे प्रत्येकी ५० मिनिटे काढली. पुष्कळांना विचित्र अनुभव आले. पण ध्वनी किंवा क्षेत्र चालू असण्याशी त्यांचा संबंध लागला नाही. येथे काहीतरी विचित्र वाटू शकेल, अशी कल्पना सर्वांना आधीच दिलेली होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार, अनुभवांचे सर्वांत सरळ कारण ती सूचनाच असावी.

याची किंमत कोण मोजतो?

करमणूक म्हणून भीती वाटून घ्यायला हरकत नाही. पण 'यंत्राने भूत सिद्ध झाले' ही समजूत घरात शिरली, की तिचे परिणाम आजारी माणसाला भोगावे लागतात. मुलगी एकटीच बडबडते, कोणाला फेफरे येते. मग डॉक्टरांऐवजी मांत्रिक बोलावला जातो. ठाण्यात मनोरुग्णांवर उपचार करणारे सरकारी रुग्णालय शंभराहून अधिक वर्षे उभे आहे. त्याच्या दारापर्यंत पोचायला लागलेला उशीर रुग्णाचे नुकसान करतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि अशा प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून ते अनेक वर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा त्यानुसार गुन्हा असून, त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांतही अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये असे स्पष्ट म्हटले आहे.

करून पाहा

तपासणाऱ्याला उत्तर आधी ठाऊक नसते, अशा चाचणीला 'अंध चाचणी' म्हणतात. ती शाळेतही करता येईल. शिक्षकांच्या परवानगीने, दिवसा, चार रिकाम्या खोल्या निवडा. स्वेच्छेने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे तीन गट करा. पहिल्या गटाला शिक्षकांनी सांगावे, की पहिल्या खोलीबद्दल पूर्वीपासून काहीबाही बोलले जाते. दुसऱ्या गटाला तेच तिसऱ्या खोलीबद्दल सांगावे. तिसऱ्या गटाला काहीच सांगू नये. गटांनी आपापसांत बोलू नये. प्रत्येकाने एकट्याने प्रत्येक खोलीत पाच मिनिटे बसून काय वाटले, काय ऐकू आले, कोठे थंड वाटले ते वहीत लिहावे.

मोबाइलमधील 'भूत शोधणारे' एखादे साधनही बरोबर न्या. अशी पुष्कळ साधने मोबाइलच्या होकायंत्राचा चुंबकीय संवेदक वापरतात. लोखंडी कपाटाजवळ मोबाइल नेऊन त्यावरचा आकडा किती बदलतो, तोही टिपून ठेवा.

शेवटी तिन्ही गटांच्या वह्या शेजारी शेजारी मांडा. विचित्र अनुभव तिन्ही गटांना एकाच खोलीत आले असतील, तर कारण त्या खोलीत आहे. तेथील तारा, ओल, वारा आणि आवाज तपासा. ते ज्या-त्या गटाला सांगितलेल्या खोलीत आले असतील, तर कारण सांगितलेल्या गोष्टीत आहे. आणि कोणालाच काही जाणवले नसेल, तर तसेच प्रामाणिकपणे लिहून ठेवा. प्रयोग संपल्यावर ती गोष्ट बनावट होती, हे सर्वांना सांगायला विसरू नका.