शेवटच्या प्रकरणाचे वारसदार

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे अभ्यासक्रम गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा बदलले, विद्यापीठांची नावे बदलली, गुणांच्या जागी श्रेयांक आले; तथापि अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पाचा जो अहवाल परीक्षकापुढे ठेवावयाचा, त्याचा साचा जवळजवळ जसाच्या तसा राहिला आहे. काळ्या रेक्झिनची बांधणी, तीवर सोनेरी अक्षरे, आत मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि प्राचार्य यांच्या सह्यांचा दाखला, मग ऋणनिर्देश, पूर्वसंशोधनाचा आढावा, रचना, निष्पत्ती, निष्कर्ष आणि या सर्वांच्या शेवटी दीड-दोन पानांचे ‘फ्युचर स्कोप’ नावाचे प्रकरण. मुले ज्याला नुसते ‘ब्लॅक बुक’ म्हणतात त्या या ग्रंथाचे हे अखेरचे प्रकरण बहुधा बाइंडरकडे जाण्याच्या आदल्या रात्री लिहिले जाते. आणि तरीही, मार्गदर्शक व बहिःस्थ परीक्षक या दोन्ही नात्यांनी असे अहवाल चाळण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली त्या प्रस्तुत लेखकास, मागे वळून पाहता, सर्वांत बोलके प्रकरण हेच वाटते. आपल्याला काय जमले नाही हे विद्यार्थी तेथेच प्रांजळपणे सांगतो, आणि ते पुढे कोणीतरी करावे असेही सुचवितो. हा ‘कोणीतरी’ कोण, याची चौकशी करण्याचा शिरस्ता मात्र आपल्याकडे कधी पडला नाही.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेथून या मागोव्याचा आरंभ धरणे सोयीचे होईल. तत्पूर्वी १८५४ मध्ये ज्याची मुहूर्तमेढ रोवली गेली ते पुण्याचे महाविद्यालय, मुंबईचे १८८७ चे व्हीजेटीआय, सांगलीचे १९४७ चे वालचंद, १९६० मध्ये निघालेली कराड व औरंगाबाद येथील शासकीय महाविद्यालये अशी मोजकीच ठिकाणे होती, आणि विद्यार्थी थोडे असल्यामुळे एकाच अध्यापकाच्या देखरेखीखाली एकाच यंत्रावर वर्षानुवर्षे काम चालण्याचा संभव तरी होता. नव्या धोरणाने तालुक्याच्या गावच्या मुलालाही इंजिनिअर होण्याची वाट मोकळी करून दिली, हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु ज्या विभागास दरसाल वीस-वीस गटांना विषय पुरवावयाचे, आणि ज्याच्या अध्यापकांपैकी निम्मे स्वतःच कालपरवा पदवी घेऊन आलेले, तेथे प्रकल्प हा संशोधनाचा भाग राहण्याऐवजी कारभाराचा भाग होऊन बसला: सप्टेंबरात सारांश, डिसेंबरात पहिला टप्पा, एप्रिलात प्रात्यक्षिक, मे महिन्यात तोंडी परीक्षा आणि जूनमध्ये रद्दी.

तथापि या व्यवस्थेतही हाताने काम करण्याचा एक काळ होऊन गेला, आणि तो रम्य होता असे म्हणण्यास हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातील दुकानांतून अथवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून ८०५१ जातीचा मायक्रोकंट्रोलर, ७८०५ चा रेग्युलेटर, रिले आणि क्रिस्टल पुडीत बांधून आणावेत. सर्किटचा आराखडा गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने उतरवून तो तांब्याच्या पत्र्यावर पालथा घालावा आणि वरून कपड्यांची इस्त्री दाबून फिरवावी. कागद पाण्यात भिजवून हलकेच सोलून काढावा, आणि मग तो पत्रा फेरिक क्लोराइडच्या तांबूस द्रावणात बुडवून प्लास्टिकचा ट्रे डोलवीत बसावे, म्हणजे शाईखालचे तांबे तेवढे रेषांच्या रूपाने शिल्लक राही. बोटांवरचे पिवळे डाग आठवडाभर जात नसत. एखादी रेषा केसाएवढी तुटली असे किंवा एखादा सांधा ‘ड्राय सोल्डर’ राहिला असे, आणि तो शोधण्यात जी रात्र जाई तिने सर्किटविषयी जे शिकविले ते चार सत्रांच्या व्याख्यानांनी क्वचितच शिकविले असेल. पुढे आर्डुइनो आणि २०१२ नंतर रास्पबेरी पाय आले, जोडणी सुलभ झाली, इस्त्री घरी गेली. त्याच सुमारास, किंबहुना त्याच्याही आधीपासून, तयार प्रकल्प अहवालासह विकणारी दुकाने उघडली होती; त्यांच्याविषयी अधिक लिहून त्यांची जाहिरात करण्याचे प्रयोजन नाही.

त्या वर्षांतला सर्वांत अधिक वेळा पाहिलेला प्रकल्प कोणता, असे कोणी विचारल्यास उत्तर सोपे आहे: मोबाइलवरून चालणारा शेतीपंप. ग्रामीण भागातून आलेल्या मुलाला या विषयाची निकड पुस्तकातून कळलेली नसे. शेतीची वीज पाळीपाळीने, पुष्कळदा रात्री, येते आणि वडिलांना बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत जावे लागते, वाटेत साप-विंचू असतात, आणि पोहोचावे तो वीज गेलेली असते, हा त्याच्या घरचा अनुभव असे. म्हणून तो एक जीएसएम मोड्यूल आणी, त्यात सिमकार्ड घाली, आणि परीक्षकासमोर मिस्ड कॉल दिला की रिले टक् असा आवाज करी व टेबलावरचा दिवा लागे. पाच अश्वशक्तीच्या मोटारीच्या ऐवजी दिवा, हा परीक्षा दालनातला सर्वमान्य संकेत होता. शेतावरची मोटार मात्र तीन फेजवर चालते. त्यांतील एक फेज गेली असता ती चालू राहिली तर वाइंडिंग जळते, विहिरीचे पाणी तळाला गेले तर पंप कोरडा फिरतो, आणि गावातल्या साऱ्यांनीच आपोआप सुरू होणारे स्विच बसविले तर वीज येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम उठून डीपीचा फ्यूज उडतो. हे त्या मुलांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. कोरड्या पंपापासून संरक्षण, फेजची तपासणी, उलट संदेशाने विजेची खबर या तिन्ही गोष्टी शेवटच्या प्रकरणात इमानाने नोंदलेल्या असत. आणि पुढल्या वर्षीचा गट, तो अहवाल न पाहता, पुन्हा दिव्यापासून आरंभ करी.

याच प्रश्नाचा वर्षानुवर्षे पिच्छा पुरविणारे पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविले, जे असलेल्या स्टार्टरलाच जोडता येते आणि वीज आहे की नाही हेही दुरून कळविते. त्यांच्या आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या बुद्धीत फार अंतर होते असे मानण्याचे कारण दिसत नाही. अंतर मुदतीचे होते. एकाने आपले शेवटचे प्रकरण स्वतःच पुढे चालविले. इतरांना जूनमध्ये ते सोडून जावे लागले.

सोडून ते कोठे गेले, हाही या कथेचा भाग आहे. नव्वदीच्या उत्तरार्धापासून सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भरतीने असा वेग घेतला की स्थापत्य, यंत्र आणि विद्युत या सर्व शाखांची मुले एकाच प्रशिक्षणवर्गात जावा शिकू लागली. आणि ही भरती सातव्या सत्रातच होत असल्यामुळे प्रकल्पाचा खरा हंगाम जेव्हा सुरू होई तेव्हा विद्यार्थ्याच्या खिशात नियुक्तीपत्र आलेले असे. त्यानंतर त्याने फ्लायॲशच्या विटेची अठ्ठावीस दिवसांची दाबक्षमता मन लावून मोजावी अशी अपेक्षा करणे हे मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध होते. दुसरा वर्ग परदेशी एम. एस.ला जाणाऱ्यांचा, त्याला प्रकल्पाची गरज शिफारसपत्रापुरती आणि एखाद्या परिषदेतील निबंधापुरती असे. तिसरा सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्यांचा, त्याची तर गरज निकालाच्या दिवशीच संपे. यांपैकी कोणालाही दोष देण्याचा हेतू नाही. आईबापांनी कर्ज काढून शिकविलेल्या मुलाने पहिली नोकरी घ्यावी, हेच योग्य होते.

असे असता, काम एका तुकडीकडून दुसरीकडे सोपविणे आपल्या मुलांना जमतच नाही, हा समज खोटा ठरविणारी दोन उदाहरणे एकाच वर्षी घडली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ मधून आकाशात गेला, आणि पवईच्या आयआयटीचा दहा किलोंचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला सी३५ मधून. ‘स्वयम्’चे काम २००८ मध्ये सुरू झाले होते, ‘प्रथम’चे त्याहून एक वर्ष आधी, म्हणजे ज्यांनी पहिल्या आकृत्या काढल्या ते उड्डाणाच्या दिवशी केव्हाच पदवीधर होऊन नोकऱ्यांत मुरले होते. ‘प्रथम’ला वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युत्कणांची मोजदाद करावयाची होती. ‘स्वयम्’ची युक्ती मला अधिक मोहविते: आकाशात आपले तोंड सावरण्यासाठी त्याने वीज खर्चावयाची नव्हती, पोटातल्या चुंबकाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी होकायंत्राच्या सुईप्रमाणे जुळवून घ्यावयाचे होते, आणि डोलणे शमविण्यास विशिष्ट धातूच्या कांड्या होत्या. दहा सेंटिमीटरच्या पेटीत वीज अपुरीच असणार, तेव्हा जेथे निसर्ग फुकट काम करतो तेथे यंत्र बसवू नये, हा विचार पदवीच्या विद्यार्थ्याला शोभा देणारा आहे.

या यशाचे कारण निधी आणि नामांकित संस्था एवढेच सांगून सुटका करून घेता येत नाही. एका शैक्षणिक वर्षात न मावणारे काम पत्करल्यामुळे ही मुले पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून वडीलधाऱ्या तुकडीच्या हाताखाली लागत. वीजपुरवठा, दळणवळण, सांगाडा, भूस्थानक अशी खाती वाटलेली असत. आणि इस्रोच्या तज्ज्ञांपुढे प्रत्येक निर्णयाचा कागदोपत्री जबाब द्यावा लागत असल्याने तोंडी वहिवाटीवर काहीच सोडता येत नसे. पुण्याच्या मुलांनी पुढील उपग्रहासाठी सौर शिडाचा विषय घेतला, तो आधीच्या दप्तरावर उभे राहूनच.

मार्च २०२० मध्ये प्रयोगशाळांना कुलपे लागली आणि त्या वर्षीचे प्रकल्प टेबलांवर अर्धवट राहिले, परीक्षा संगणकाच्या पडद्यावर झाल्या. त्यानंतर थोड्याच काळात अहवाल लिहून देणारे यंत्रच अवतरले. आता शेवटचे प्रकरण लिहिण्यास आदली रात्रही लागत नाही, आणि म्हणून त्यातला प्रांजळपणाही उणावला आहे. ‘अचूकता वाढविता येईल, व्याप्ती वाढविता येईल’ एवढे सुबक वाक्य हाती येते. कोणता सांधा का तुटला हे त्यात नसते.

याला उपाय खर्चाचा नाही. मुख्य अडसर आपल्याच सारांश समितीने घातलेला आहे: मागील वर्षांच्या यादीत असलेला विषय दिसला की ‘विषय जुना आहे’ असा शेरा मारून तो परत पाठवावयाचा, हा अलिखित हुकूम बहुतेक विभागांत चालतो, आणि मुले मग शीर्षकात एक-दोन नवे शब्द घालून तोच दिवा पुन्हा लावतात. विभागप्रमुखांनी हा शेरा बंद करावा. जुलैत प्रत्येक गटाला कपाटातील एक जुना अहवाल त्याच्या सर्किटासह अथवा नमुन्यांसह द्यावा, पहिल्या सत्रात त्याची निष्पत्ती पुन्हा काढून दाखविण्यास सांगावे, दुसऱ्या सत्रात त्याच्या शेवटच्या प्रकरणातील एक कलम पुरे करण्यास. आणि बहिःस्थ परीक्षकाने गुण देताना नव्या शीर्षकाइतकेच वजन या पुऱ्या झालेल्या कलमास द्यावे. येत्या जुलैपासून एखाद्या विभागाने एवढे केले तरी पुष्कळ झाले.