प्रश्न कळला, तर उत्तर खरे

माणसे अंग किती हलवतात, हे मोजायला जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली एक प्रश्नावली केली. ती दुसऱ्या भाषेत कशी आणावी?

एकाने इंग्रजीचे मराठी करावे. दुसऱ्याने, मूळ न पाहता, त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करावे. मग दोन्ही ताडून पाहावीत. अर्थ जुळला नाही, तर शब्द बदलावा.

नुसते ‘व्यायाम करता का?’ विचारले, तर पाण्याच्या खेपा घालणारी बाई ‘नाही’ म्हणेल. कागदावर ती आळशी ठरेल! म्हणून या प्रश्नावलीत काम, येणे-जाणे आणि खेळ-व्यायाम वेगवेगळे विचारतात. उदाहरणेही आपल्याकडचीच हवीत: नांगरट, खुरपणी, हंडे वाहणे.

प्रश्न चुकला, की उत्तर चुकते; उत्तर चुकले, की उपायही चुकतो. तेव्हा मंडळी, प्रश्न कळला नाही, तर पुन्हा विचारा. लाजू नका. ही काही परीक्षा नव्हे.