पोलादपूरच्या नावाचा खडक

खडक आणि स्फटिक काचेच्या कपाटात, नावाच्या चिठ्ठीसह पाहण्याची शहरी माणसाला सवय असते. सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय त्यासाठीच प्रसिद्ध आहे. दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइटचे देखणे स्फटिक तेथे मांडलेले आहेत. मात्र तो कातळ ज्या थरांनी घडला, ते थर कपाटात मावणारे नाहीत. ते पाहायचे असतील तर महाडहून पोलादपूर गाठावे आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वरची वाट धरावी.

सुमारे ४० किलोमीटरच्या या वाटेत रस्ता बाराशे मीटरांहून अधिक चढतो. ही सगळी चढण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाच्या थरांची आहे. भूशास्त्रज्ञांनी रासायनिक घडणीवरून या थरांचे गट पाडले आणि खालून वर जाताना भेटणाऱ्या तीन गटांना पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर अशी नावे दिली. गोव्याच्या वाटेवरचे एक गाव एवढीच पोलादपूरची ओळख असणाऱ्यांना, हे नाव जगभरच्या शोधनिबंधांत रूढ आहे हे वाचून नवल वाटेल.

घाटात डोंगर कापलेल्या ठिकाणी काळ्या थरांमध्ये कोठे कोठे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात उघड्या पडलेल्या लाव्हाची झीज होऊन बनलेली ती प्राचीन माती होय. घाटातून जाणाऱ्या मोटारी थांबल्याच तर चहा-भज्यांसाठी थांबतात. पट्ट्याकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक दख्खनमधील अशाच पट्ट्यांत सापडलेल्या झिरकॉनच्या सूक्ष्म कणांवरून लाव्हाचे वय ठरविण्यात आले आहे.

या वयाला महत्त्व आहे, कारण डायनोसॉर नाहीसे झाले ते याच सुमारास. त्यांचा घात मेक्सिकोत कोसळलेल्या अशनीने केला की दख्खनच्या ज्वालामुखीचाही त्यात हात होता, हा जुना वाद आहे. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एकाच्या मते पोलादपूर गटाचा मोठा उद्रेक विनाशाच्या काही दहा हजार वर्षे आधी सुरू झाला. दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा विनाशानंतर बाहेर पडला. वाद अद्याप मिटलेला नाही.

महाडजवळ गांधारपाले येथील बौद्ध लेणी याच कातळात कोरलेली आहेत. सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. ज्वालामुखीशी त्यांचा संबंध नाही. भेगांतून खोल उतरलेले पाणी तेथील उष्णतेने तापून वर येते. सावित्रीच्या पात्रात मगरी आहेत, त्या पुलावरूनच पाहाव्यात.

याच कातळाची दुसरी बाजूही आहे. उतारांवर झिजून भुसभुशीत झालेला थर अतिवृष्टीत पाण्याने जड होतो आणि खालच्या कठीण खडकावरून घसरतो. जुलै २००५ मध्ये दासगाव व जुई, तर जुलै २०२१ मध्ये तळिये ही महाड तालुक्यातील गावे दरडीखाली सापडली. २०२१ च्या त्याच पावसात आंबेनळी घाटाचा रस्ताही ठिकठिकाणी खचला होता. म्हणून थर पाहण्यास दिवाळीनंतर जावे. तोवर कड्यांवरचे गवत वाळू लागते आणि विटकरी पट्टेही अधिक स्पष्ट दिसतात.