सांधेबदल शस्त्रक्रिया आणि त्याच दिवशी घरी
गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजलेला सांधा काढून तेथे धातू व प्लॅस्टिकचा कृत्रिम सांधा बसविल्यानंतर रुग्णाने कित्येक दिवस रुग्णालयात राहावे, असा दीर्घकाळ प्रघात होता. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतरच्या अशा मुक्कामाची कारणे तपासून वेदना, मळमळ, भोवळ असे एकेक कारण दूर करण्याची पद्धत मांडली. पुढे अमेरिकेत वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने, रुग्णाला दाखल करूनच कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियांच्या यादीतून २०१८ मध्ये गुडघ्याची आणि २०२० मध्ये खुब्याची सांधेबदल शस्त्रक्रिया वगळली.

रुग्ण शस्त्रक्रियेच्याच दिवशी संध्याकाळी घरी जाऊ शकतो तो शल्यचिकित्सकाच्या वेगामुळे नव्हे, तर भूलशास्त्रातील बारीक सुधारणांमुळे. पूर्वी गुडघ्याची वेदना थांबविण्यासाठी जांघेतील मुख्य मज्जातंतू बधिर केला जाई. त्याने मांडीचा स्नायूही दुबळा होऊन उभे राहताना पडण्याचा धोका वाढे. आता औषध मांडीत बरेच खाली दिले जाते, त्यामुळे वेदना शमते आणि स्नायूची ताकद बहुतांशी टिकते. लवकर उतरणारी कण्यातील भूल आणि रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्झॅमिक आम्ल यांचीही त्याला जोड मिळते.

तरीही त्याच दिवशी घरी सोडण्याचा कार्यक्रम उभारताना खरी कसोटी निवडीची असते. गंभीर हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह, रक्तक्षय किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असलेल्यांना आधी उपचार द्यावे लागतात किंवा दाखलच करून घ्यावे लागते. घरातील जिने, शौचालयाची सोय आणि पहिल्या रात्री सोबत राहणारे माणूस यांची चौकशी रक्ततपासणीइतकीच महत्त्वाची ठरते. वॉकरचा वापर आणि व्यायाम तर शस्त्रक्रियेपूर्वीच शिकवावेत, कारण भुलीच्या गुंगीत दिलेली सूचना फारशी लक्षात राहत नाही.

घरी सोडण्याचा निर्णय घड्याळावर सोपवता येत नाही. रुग्ण आधाराने चालतो का, पायऱ्या चढतो का, त्याला लघवी होते का आणि गोळ्यांनी वेदना आवरते का, हे पाहूनच तो घ्यावा. पोटरीची सूज किंवा अचानक लागलेली धाप ही रक्ताच्या गुठळीची लक्षणे असू शकतात, म्हणून रात्रीही उचलला जाणारा दूरध्वनी आणि दुसऱ्या दिवशी परिचारिकेकडून होणारी विचारपूस अपरिहार्य आहे. निकष पूर्ण न करणाऱ्या रुग्णासाठी रात्रीची खाट, किंवा रुग्णालयाबाहेरचे स्वतंत्र शस्त्रक्रिया केंद्र असल्यास जवळच्या रुग्णालयात हलविण्याची सोय, पहिल्या शस्त्रक्रियेआधीच ठरलेली असावी.